सहा महिने ऑडिट, सहा महिने सिग्नल

पश्चिम तांबरमच्या त्या घरमालकांनी मला घर दाखवायच्या आधी माझा फोटो काढला. फाटकाबाहेर, भर उन्हात, हातात बॅग आणि कपाळावर घाम. एक फोटो काढायला त्यांनी इतका वेळ घेतला की मला वाटलं, कॅमेरा बिघडलाय. मग तो फोटो ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा मोठा करत गेले आणि माझ्या उजव्या डोळ्यापाशी येऊन थांबले.

"पापणी दिसते," ते म्हणाले. "आतां सांगा. नवरा कुठें आहे?"

नवरा मालवणला कॉलेजात शिकवतो, बँकेनं माझी चेन्नईला बदली केली, म्हणून एकटी आले, असं मी सांगितलं.

"बदली केली, कीं करून घेतली?"

असले प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या घरात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. पण तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. "आधीं पाणी द्या त्या मुलीस, मग फाशी द्या," असं म्हणून तिनं माझ्या हातातली बॅगच काढून घेतली. मी राहिले, आणि पुढची बदली होईपर्यंत राहिले.

तिला सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून मी त्यांना मामा म्हणू लागले. ते मला अम्मा म्हणत. तिकडे मुलीच्या वयाच्या बाईलाही अम्मा म्हणतात, हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्यांदा मी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं होतं.

घराणं तंजावरकडचं. त्यांची मराठी म्हणजे बखरीतली वाक्यं तमिळ चालीवर म्हटलेली. मला ती ऐकायला गंमत वाटायची, आणि त्यांना माझ्या मराठीचा संशय यायचा. "आमचे वाडवडील अस्सल मराठी घेऊन इकडे आले," ते एकदा म्हणाले. "मागें राहिलांत तुम्ही. पाहावयास कोणी नसतां तुम्ही तिचें काय केलेंत, कोणास ठाऊक?"

मामांची उभी हयात रेल्वेच्या ऑडिट खात्यात गेली. माणूस निवृत्त झाला पण खातं काही निवृत्त झालं नाही. टीव्हीवर आज पाऊस नाही म्हणाले की मामा छत्री काढत. देवळातला प्रसाद आधी हुंगत, मग डोळ्यांना लावत. पाहुणा हसून बोलला तर ह्याला काहीतरी हवंय, आणि गंभीरपणे बोलला तर ह्यानं काहीतरी केलंय. "दाखवितो म्हणजे लपवितो," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मामी सांगायची, "आमच्या लग्नांत सप्तपदी पुरी झाली कीं नाहीं, म्हणून ह्यांनी भटजीस पुन्हां चालावयास लाविलें." ती हे हसत सांगायची, पण एकदा न हसता पुढचंही सांगितलं. त्या एका संशयापायी भाऊ तुटला, व्याही तुटले, शेजारचं घर बोलेनासं झालं. "सगळ्यांस ऑडिट करून घालविलें ह्यांनी. एक तो सिग्नल उरला आहे. तो गेला तर हे माझें डोकें खातील, आणि मग स्वतःचें खातील."

सिग्नल म्हणजे मामांचा मित्र. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला, म्हणून मामा त्याला सिग्नल म्हणत, आणि तो मामांना ऑडिट. सगळा जन्म नोकरीत एकमेकांना खात्याच्या नावानं हाका मारून खरी नावं दोघंही विसरले असावेत. सिग्नल निवृत्तीनंतर कोवलमला मुलाकडे राहायला गेला होता. केरळातलं कोवलम नव्हे. चेन्नईच्या खाली, समुद्राकाठचं कोळ्यांचं गाव. तांबरमहून बस जाते.

आणि ह्या दोघांमध्ये मिळून एक लेन्स होती.

ही लेन्स रेंजफाइंडर नावाच्या जुन्या कॅमेऱ्याची. सगळं हातानं करायचं, फोकससुद्धा. पितळेवर चढवलेला मुलामा काठांवर उडालेला, आणि अंतराचे आकडे कोरलेले. नोकरीत असताना त्यांच्याबरोबरचा एक इंजिन ड्रायव्हर देश सोडून चालला, तेव्हा त्यानं ती विकायला काढली. दोघांनाही हवी होती आणि दोघांपैकी एकही मागे हटेना. शेवटी अर्धी अर्धी घेतली. पोंगलपासून, म्हणजे आपल्या संक्रांतीपासून, जुलैत लागणाऱ्या आडी महिन्याच्या पहिल्या दिवसापर्यंत ती सिग्नलकडे, आणि आडीपासून पुढच्या पोंगलपर्यंत ऑडिटकडे. ज्या जुन्या कॅमेऱ्यांसाठी ती होती ते दोन्ही कॅमेरे कधीच मेले. मग मिररलेस नावाचे आरसा नसलेले नवे डिजिटल कॅमेरे आले. मध्ये एक धातूचं कडं बसवलं की त्यांच्यावर जुनी लेन्स चढते. ह्या कड्याला ॲडॅप्टर म्हणतात. दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे घेतले, कारण एकानं घेतला तो दुसऱ्याला संशयास्पद वाटला. त्यामुळे ॲडॅप्टर ज्याचा त्याचा, आणि लेन्स दोघांची.

लेन्समध्ये विजेची एकही तार नाही, त्यामुळे ती चढवली तरी नवा कॅमेरा 'लेन्स लावलेली नाही' असं म्हणून रुसून बसतो. लेन्स नसतानाही फोटो काढ, अशी परवानगी आधी त्याच्या मेनूत जाऊन द्यावी लागते. मामांना हे फार आवडायचं. "पाहा, डोळ्यांपुढें भिंग आहे आणि म्हणतो नाहीं! इतका संशय मजपाशींही नाहीं." फोकस बरोबर झाला की चित्राच्या काठांवर लाल ठिपके चमकवायची सोय कॅमेऱ्यात असते. ती त्यांनी बंद करून टाकली होती. "हा घरांचा दलाल आहे. सगळ्यास होय म्हणतो."

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर, लेन्सवर कोरलेल्या आकड्यांवर. मामीची शिवणाची टेप घेऊन ते कॅमेऱ्यापासून माणसाच्या नाकापर्यंतचं अंतर मोजत, कडं त्या आकड्यावर आणत आणि मगच बटण दाबत. तोवर माणूस अवघडून जायचा. आकड्यांच्या शेवटी आडव्या आठासारखी अनंताची खूण असते. कडं तिथवर नेलं की क्षितिज स्पष्ट दिसायला पाहिजे. दिसलं तर लेन्स खरी, ॲडॅप्टर खरा, जग खरं. आणि इथेच मामांचं ॲडॅप्टर बनवणाऱ्यांशी वैर होतं. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे क्षितिज दिसत नाही अशी कुणी तक्रार करू नये. दिसतं, पण खुणेच्या अलीकडेच कुठेतरी दिसतं, आणि खुणेवर नेलं की पुसट होतं. "चोर तो चोर, वरून शहाणा," मामा म्हणत. सगळ्या गोष्टी मनाला लावून घ्यायची सवय असली की अशी लहान चोरीही पुरते.

म्हणून लेन्सची देवघेव व्हायची ती कोवलमच्या किनाऱ्यावर. समोर समुद्र, क्षितिजावर एखादी बोट. घेणाऱ्यानं लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवायची, खुणेवर नेऊन बोट बघायची, आणि कबूल म्हणायचं. मग टपरीवर चहा. नियम एकच होता: लेन्स कुणीही उघडायची नाही. दुरुस्तीलाही नाही.

मी पहिल्यांदा गेले ती पोंगलच्या देवघेवीला, साक्षीदार म्हणून. "तुम्ही तिसऱ्या गांवच्या. तुम्हांस कोणाची बाजू नाहीं," असं मामा म्हणाले. खरं तर कोवलमला मी आधीपासूनच मासे खायला जात होते. घर भाड्यानं देतानाच त्यांनी सांगितलं होतं की ह्या घरात मासा शिजणार नाही, आणि मी मालवणची. कोवलमला किनाऱ्यावर सुरमई तळून देतात. तिकडे तिला वंजरम म्हणतात. मी दर रविवारी तिथे जात असे आणि घरी मैत्रिणीकडे गेले होते असं सांगत असे.

सिग्नल उंच, काळे, गालावर पांढरे खुंट आणि मामांच्या अगदी उलट शांत. त्यांनी लेन्स चढवली, बोटीकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "सरि." म्हणजे ठीक आहे. मामांनी दोनदा विचारलं, "नीट पाहिलेंस?" त्यांनी पुन्हा तेवढंच म्हटलं, "सरि." माणूस असा असावा, असं मला वाटलं.

त्याच वर्षी आडीच्या पहिल्या दिवशी मात्र काहीतरी बिनसलं. सिग्नलनी लेन्सची डबी मामांच्या हातात दिली नाही, आधीच कट्ट्यावर काढून ठेवली होती. सगळा वेळ हात पँटच्या खिशात. चहा नको म्हणाले. मुलगा वाट बघतोय असं काहीतरी पुटपुटले. मामांनी लेन्स चढवली, कडं खुणेवर नेलं, बोटीकडे पाहिलं. मग डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "सरि," ते म्हणाले, आणि मला कळलं की हे खोटं आहे, कारण ते एवढ्या लवकर कशालाच सरि म्हणत नसत.

परतीच्या बसमध्ये ते डबी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. घरी गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. उघडलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मला आणि मामीला समोर बसवून ते म्हणाले, "ही ती लेन्स नव्हे. सिग्नलानें बदलली."

"डोळे बदलले असतील तुमचे," मामी म्हणाली.

"पुरावा आहे."

पुरावा सांगायला त्यांनी फार आढेवेढे घेतले, आणि ऐकल्यावर मला कळलं का ते. फार वर्षांपूर्वी मामांनी स्वतःच ती लेन्स उघडली होती. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्यांनी एक अंगठीसारखा वायसर केला आणि लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये बसवला. त्यांच्या पातळ ॲडॅप्टरला जेवढं कमी पडत होतं तेवढं ह्यानं भरून निघालं आणि क्षितिज बरोबर खुणेवर आलं. आता त्यांनी लेन्स पुन्हा उघडून पाहिली होती, आणि आत वायसर नव्हता.

"पण मामा, ॲडॅप्टर तुमचा पातळ आहे, मग पत्रा ॲडॅप्टरात घालायचा. लेन्समध्ये कशाला?"

"ॲडॅप्टर माझा आहे. लेन्स दोघांची," ते म्हणाले. "खूण दोघांच्या वस्तूंत ठेवावयाची असते."

म्हणजे पत्र्याला दोन कामं होती. फोकस सुधारायचा, आणि लेन्स तीच आहे की दुसरी ते मामांना कळायचं. लबाडानं हुबेहूब दुसरी आणून ठेवली तरी त्याला आतला पत्रा कसा ठाऊक असणार? "लेन्सवर कोरलेला नंबर तोच आहे," मी म्हटलं. "नंबराचें कडें फिरवून काढतां येतें," ते म्हणाले. "हात खिशांत कां होते? चहा कां घेतला नाहीं? माझ्या डोळ्यांकडे पाहिलें कां त्यानें एकदां तरी?"

मी हसण्यावारी नेणार होते, पण मला हसू येईना. सगळं जुळत होतं. ते खिशातले हात मीही पाहिले होते, आणि शांत माणसांबद्दल मला बँकेत जो अनुभव आला होता तोही काही फारसा बरा नव्हता. त्या संध्याकाळी सिग्नल मलाही चोर वाटले, हे मी लपवत नाही. संशय हा गोवरासारखा असतो. एका घरात राहून तो लागला नसता तरच नवल.

पुढचे काही आठवडे मामांनी एकही फोटो काढला नाही. लेन्स समोर ठेवून बसायचे. सिग्नलना विचारायचं तर आपण नियम मोडला हे आधी कबूल करावं लागणार, आणि न विचारावं तर झोप नाही. जेवण कमी झालं. मामीशी भांडणसुद्धा करेनात, तेव्हा मामी घाबरली. "एकच मनुष्य होता हो ह्यांना," ती मला जिन्यात गाठून म्हणाली. "त्याच्यावरही शिक्का मारला तर उरलें काय?"

मग एका शनिवारी मामा जिना चढून वर माझ्या खोलीत आले. "उद्यां कोवलमला जातां ना? मासे खावयास?"

मी उगाच खिडकी लावायला उठले.

"पहिल्या रविवारपासून ठाऊक आहे. तुमची मैत्रीण तळणाचा वास देते," ते म्हणाले. "जा. मी काहीं म्हणत नाहीं. मात्र त्याच्या घरीं जाऊन या. दुसरी लेन्स आहे का, पाहून या."

अशी मी हेर म्हणून गेले. सिग्नलचं घर किनाऱ्यापासून आत, चर्चच्या रस्त्याला. ते व्हरांड्यात बसले होते. मला बघून उठले, आणि उठताना आधारासाठी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. तो हात थरथरत होता. खुर्चीसुद्धा त्यामुळे हलल्यासारखी वाटली. त्यांनी तो चटकन मागे घेतला, पण मी पाहिलं होतं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. सून कॉफी घेऊन आली. तिनं माझा पेला माझ्या हातात दिला आणि त्यांचा पेला स्वतः धरून त्यांच्या ओठांना लावला.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. कसला पुरावा आणि कसलं काय.

ते माझ्याशी हिंदी, तमिळ आणि इंग्रजीच्या काल्यात बोलत. मी सरळ मराठीत सांगते. "ऑडिटनं पाठवलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "पत्रा सापडला नाही त्याला. होय ना?"

त्यांनी सुनेला आतून काडेपेटी आणायला सांगितली. तिच्यात कापसावर तो वायसर होता. एका बाजूला डब्याचा लाल रंग, काठ कात्रीनं थोडेसे दातरलेले. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"पहिल्याच वर्षी. त्यानं दिलेली लेन्स मी माझ्या कॅमेऱ्यावर लावली, बोट बघितली, आणि बोट दिसेना. माझा ॲडॅप्टर पातळ नाही. त्याच्या पत्र्यामुळे लेन्स माझ्याकडे जास्त पुढे जाते, क्षितिज येतच नाही. घरी येऊन उघडली, तर आत हा." ते हसले. "मग मी काढून ठेवला. आणि परत देताना पुन्हा बसवला. दर वर्षी. काढायचा आणि बसवायचा."

"आणि किनाऱ्यावर सरि म्हणायचात? बोट दिसत नसताना?"

"मग काय म्हणू? तुझा विश्वास नाही माझ्यावर, हे मला कळलं, असं म्हणू? त्याला किती लाज वाटली असती! त्याचा स्वभाव तो आहे, अम्मा. उंची असते माणसाला, तसा स्वभाव असतो. मापात बसवून घ्यायचा."

ह्या वर्षी मात्र बोटांनी ऐकलं नाही. वायसर केसासारखा पातळ, तो नेमका खाचेत बसवायचा. तीन संध्याकाळी ते बसले होते आणि तीनही वेळा तो पाटावरून उडून गेला. मुलाला बसवायला सांगितलं असतं तर हात एवढे बिघडले म्हणून त्यानं आधी पुन्हा डॉक्टरकडे नेलं असतं आणि मग कॅमेरा काढून ठेवला असता. कॅमेरा भिंतीवर टेकवून अजून फोटो काढता येतात, ते म्हणाले. कडं जरा जास्त फिरतं एवढंच.

"हा त्याला दे. चुकून राहिला म्हण. पण हातांचं सांगू नकोस."

"का? कळलं तर तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

"कळलं की तो म्हणेल, लेन्स तूच ठेव. नाहीतर मी म्हणेन, तूच ठेव. मग येणं बंद. वर्षातून दोनदा हा माणूस येतो आणि माझ्याशी भांडतो. लेन्स नसली तर कशाला येईल? आणि आलाच, तर आम्ही काय बोलू? आम्हाला दुसरं काही बोलताच येत नाही."

त्या दिवशी मी मासे न खाता परत आले.

मामा फाटकातच उभे होते. मी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग डोळ्याला लावून वायसर पाहिला, लाल रंग पाहिला, दातरलेले काठ पाहिले. ह्यावर कुठलाच संशय घेता येत नव्हता. कात्री त्यांचीच होती. मी सिग्नलनी सांगितलं तेवढं सांगितलं, दर वर्षी काढायचा आणि बसवायचा. हातांचं सांगितलं नाही.

मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दोघे चोर! नियम करणारे दोघे, मोडणारेही दोघे."

मामा हसले नाहीत. पायरीवर बसले. "म्हणजे इतकीं वर्षें त्यास ठाऊक होतें," ते म्हणाले. "मी त्याची परीक्षा पाहतों हें ठाऊक होतें. आणि तो परीक्षा देत होता." मग त्यांनी मान वर केली आणि मी ज्याला भीत होते तो प्रश्न आला. "मग यंदां कां बसविला नाहीं?"

"विसरले असतील."

"सिग्नल विसरणारा मनुष्य नव्हे. तो विसरता तर गाडीवर गाडी आदळली असती."

मी तुळशीकडे बघत राहिले. मामा बोलू लागले, मोठ्यानं, स्वतःशीच, जसे ते नोकरीत असताना बोलत असतील. डबी हातांत दिली नाहीं. कट्ट्यावर ठेविली. हात खिशांत. चहा नाहीं. पेला धरावा लागला असता. वायसर बसवावयास बोटें लागतात. ह्यातलं बरंचसं त्यांनी आधीही मांडलं होतं आणि त्यातून चोर काढला होता. ह्या खेपेला ते मध्येच थांबले.

"हात," ते म्हणाले. "हात गेले त्याचे."

मी काहीच बोलले नाही.

"तुम्ही नाहीं म्हणाला नाहींत," ते म्हणाले, आणि आत गेले. मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला आणि फार दयाही आली. मी वर जाऊन दार लावून रडले.

पुढे पोंगलपर्यंत त्यांनी ह्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. फोनसुद्धा केला नाही. फक्त एक दिवस ते अंगणात चटईवर बसून ॲडॅप्टरचे बारीक स्क्रू काढताना दिसले. दोघांच्या लेन्समधला तो पत्रा आता त्यांनी स्वतःच्या ॲडॅप्टरात घातला होता. लेन्स कोरी झाली. सिग्नलला उघडायला लागू नये म्हणून, हे मला सांगायची गरज नव्हती.

पोंगलच्या दिवशी आम्ही दोघं कोवलमला गेलो. सिग्नल कट्ट्यावर बसले होते, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलखाली हात. कॅमेरा आणलेला नव्हता. मामांनी डबी पुढे केली, तर ते म्हणाले, "ऑडिट, तूच ठेव आता. मी फोटो काढायचं सोडलं."

मला वाटलं, झालं. आता मामा म्हणतील, बरें, तुझी प्रकृती कशी आहे, काळजी घे, आणि संपलं. सिग्नलही बहुतेक त्याचीच वाट बघत होते, खाली बघून.

मामा भडकले. असे भडकले की जाळी उपसणारी माणसं वळून बघू लागली. तमिळमध्येच ओरडत होते; मला कळलं ते त्यांच्या मराठीत सांगते. "कां? काय म्हणून ठेवूं? काय केलेंस तूं तिला? एकाएकीं नको कशी होते? दुसरी घेतलीस! चोरून चांगली घेतलीस आणि ही मोडकी माझ्या गळ्यांत घालतोस. मला ठाऊक नाहीं वाटतें? सहा महिने तुझे आहेत. घ्यावीच लागेल. आणि आडीला मी एक एक ओरखडा मोजून घेईन, तूं कट्ट्यावर ठेवून पळून जातोस काय!"

सिग्नल त्यांच्याकडे बघत राहिले. आधी त्यांना काही कळलं नाही. मग कळलं. त्यांना सगळं कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ऑडिटला ठाऊक आहे, आणि ऑडिट तरीही भांडतोय. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता असं मी समजते. त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि दोन्ही हात पुढे केले. ते उघड्यावर, सगळ्यांसमोर थरथरत होते.

मामांनी हातांकडे पाहिलं नाही. डबीतून लेन्स काढून त्या ओंजळीत ठेवली आणि बाहेरून आपल्या दोन्ही हातांनी ती ओंजळ गच्च धरली. "तपास," ते म्हणाले. "माझा कॅमेरा घे. क्षितिज पाहा."

"नको," सिग्नल म्हणाले. "सरि."

मग चहा झाला. पेला मामांनी धरला, आणि धरताना चहात पाणी फार आहे म्हणून टपरीवाल्याशी वाद घातला.

बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते. केळंबाक्कम मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "तपासली नाहीं त्यानें."

"हो."

"मी आंत काहीं घातलें असतें तर?"

"घातलंय का?"

"नाहीं."

"मग झालं तर."

"पण त्यास काय ठाऊक?" ते म्हणाले. "अम्मा, त्यास काय ठाऊक?" आणि भर बसमध्ये ते लहान मुलासारखे रडायला लागले. कंडक्टर आला तेव्हा तिकिटं मी काढली.